बाहेरचा आवाज

“काय हो, खिळे ठोकून झाले का तुमचे?” वरच्या मजल्यावरच्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं. तिला वाटलं, या दुसऱ्याच कुणाशी तरी बोलताहेत. पण लिफ्टमध्ये त्या दोघी आणि बाईंची रिकामी पिशवी, बाकी कुणी नव्हतं. “कसले खिळे?” तिनं विचारलं. “अहो, त्या दुपारी नाही का! तुमचे बाबा गेले त्याच दिवशी. मी जरा आडवी झाले होते, तर खालून आपलं ठक ठक, ठक ठक. थांबेचना. म्हटलं, फोटोबिटो लावत असतील, आपण कशाला बोला. आणि संध्याकाळी बघते तर तुमच्या दाराशी ही चपलांची रास! मग कुठलं विचारायचं. बरं दिसतं का ते?” बाई मनानं वाईट नव्हत्या. लिफ्ट खाली जाईपर्यंत काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलल्या, तळमजला आला तशा “येते हं” म्हणून निघूनही गेल्या. ती मात्र आतच राहिली. दार मिटलं, कुणीतरी वर बटण दाबलं असावं, लिफ्ट तिला घेऊन पुन्हा वर निघाली, आणि आपण कारखान्यात कामाला निघालो होतो हे चौथ्या मजल्यावर तिच्या लक्षात आलं.

खालून म्हणे! बाई खालून म्हणाल्या. तो आवाज वरून आला होता. तिला चांगलं आठवत होतं. दुपारची वेळ, ती आपल्या खोलीत टेबलाशी, कानांवर हेडफोन, आणि छतातून ठक ठक. या बाईला दुपारचंच काय कुटायचं सुचतं, असं तिच्या मनात आलं होतं, तिनं वर बघितलंही होतं. आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं तर माणूस ‘असेल बुवा’ म्हणून कामाला लागला असता. दोन मजले, मध्ये एक सिमेंटचा थर, याला वाटतं त्याचा आवाज, त्याला वाटतं याचा. भांडणं होतात यावरून, मिटतातही. पण हिचा धंदाच मुळी आवाज कुठून आला ते सांगण्याचा. त्याचा तिला पगार मिळतो. गेली पंचवीस वर्षं लोक तिला गाडी पाठवून नेतात ते तेवढ्यासाठी.

वीजकेंद्रात ते खोलीएवढाले ट्रान्सफॉर्मर असतात. बाहेरून पोलादी टाकी, आत तांब्याची वेटोळी आणि कागद, आणि वर काठोकाठ तेल. तेल विजेला अडवतं, पण आवाजाला वाट देतं, तीही चांगली मोकळी. हवेतून जातो त्याच्या चौपट वेगानं आवाज तेलातून जातो, तेल तापलेलं असलं तर जरासा रेंगाळतो, एवढंच. आत कुठं कागद सडला, एखादा बुडबुडा अडकून बसला, की तिथं वीज बारीकशी चावते. त्या चाव्याचा आवाज माणसाच्या कानाला येत नाही. ती टाकीच्या अंगाला बाहेरून ठिकठिकाणी बटणाएवढे सेन्सर चिकटवते आणि आवाज कुणाला आधी पोचला, कुणाला मागून, त्या फरकावरून आतली जागा सांगते. टाकी न उघडता, तेलाचा थेंब न सांडता. खरं कसब ऐकण्यात नाही, न ऐकण्यात आहे. पंखे घोंघावतात, पंप धडधडतो, एखादा बोल्ट सैल असतो, टाकीवर पक्षी येऊन बसतो. हे सगळं ‘बाहेरचा आवाज’ म्हणून चाळून टाकायचं असतं. त्यातही आणखी एक गोम असते. चाव्याचा आवाज तेलातून निघतो, जवळची भिंत गाठतो आणि भिंतीच्या पोलादातून धावत सुटतो. पोलादात तो तेलापेक्षा कितीतरी जोरात पळतो. मग तेलातून सरळ आलेला खरा आवाज मागं राहतो आणि पोलादातून चोरवाटेनं आलेला आधी पोचतो. नवखा माणूस त्या पहिल्यालाच धरतो आणि भलत्याच कोपऱ्याकडे बोट दाखवतो. मग टाकी रिकामी करतात, झाकण काढतात, आणि आत त्या जागी काहीही नसतं. ही चूक तिनं उभ्या जन्मात एकदाही केली नव्हती.

बाबांना तिच्या कामाचं कधी कौतुक वाटलं नाही. “तेलाला कान लावून बसायचा पगार देतात म्हणे आमच्या बाईसाहेबांना,” असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे हसले की आणखी फुलत. ते स्वतः कवायतीचे मास्तर. मैदानाच्या या टोकाला ‘सावधान’ म्हणाले की त्या टोकाची पोरं ताठ होत, आणि घरीही त्यांनी तोच आवाज ठेवला होता. पाणी म्हणजे ‘पाणी!’, टॉवेल म्हणजे ‘टॉवेल!’ धाकटा भाऊ लग्न करून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आई गेली, आणि तो आवाज ऐकायला घरात ही एकटी उरली. मग एका सकाळी त्यांचा डावा अर्धा भाग लुळा पडला आणि आवाजही गेला. आवाज जाणं म्हणजे अगदी जाणं, घशातून नुसता वारा. उजवा हात तेवढा शाबूत राहिला, त्या हातात पाण्याचा स्टीलचा ग्लास, आणि हाताशी पलंगाचा लोखंडी कठडा. माणूस गप्प झाला आणि घर मात्र पूर्वीपेक्षा कल्ला करायला लागलं. ठण ठण. पाणी. ठण ठण. पडदा. पंखा कमी. पंखा जास्त. तिनं हौस म्हणून नव्हे, नुसत्या सवयीनं त्या ठोक्यांची वर्गवारी केली. दोन घाईचे म्हणजे लघवी. सावकाश तीन म्हणजे कूस बदला. आणि बरेचसे कशाचेच नसत. ती हातातलं टाकून धावत जाई, तर बाबा भिंतीकडे बघत पडलेले. काय हवंय? काही नाही. कुणी आहे की नाही ते बघायला ठोकलेलं. पुन्हा टेबलाशी येऊन बसेतो पुन्हा ठण.

राग यायचा तिला. खोटं कशाला बोला, भयंकर राग यायचा. दिवसभर सांभाळायला मावशी होत्या, पण मावशींच्या हाका तिलाच, बाबांच्या ठोक्यांना मावशी पुरायच्या नाहीत, आणि रविवारी धाकटा सफरचंदं घेऊन तासभर येऊन बसला की मात्र बाबा एकदाही ठोकत नसत. ग्लास उशाशी पडून राही आणि त्यांचा अर्धा चेहरा त्याच्याकडे बघून हसे. “बाबा किती शांत झालेत ना ग ताई,” धाकटा निघताना म्हणे. शांत! तिला वाटे, याला आठवडाभर इथं बांधून ठेवावं. एके दिवशी तिनं कारखान्यातून रबराचा पट्टा आणला. टाकीचं झाकण बसवताना तेल झिरपू नये म्हणून खाली घालतात तो, बोटभर जाडीचा, चिवट. संध्याकाळी बसून कठड्याला टोकापासून टोकापर्यंत गुंडाळला, वरून चिकटपट्टी ओढून घेतली. काम चोख झालं होतं. ठोकून बघितलं तर नुसतं ठप्प, दाराबाहेरही येईना. बाबांनी आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हाताला लागतं हो बाबा तुमच्या,” ती म्हणाली. मावशी पलीकडे चादर झटकत होत्या, त्या झटकतच राहिल्या. घर इतकं शांत झालं की पहिल्या दिवशी तिला फ्रिजचा आवाज ऐकू आला आणि बरं वाटलं.

मग ती दुपार. मावशी औषधं आणायला खाली गेल्या होत्या आणि दुकानात गर्दी होती. ती हेडफोन लावून एका ट्रान्सफॉर्मरचं रेकॉर्डिंग ऐकत होती, न ऐकू येणारा आवाज खालच्या पट्टीत उतरवून माणसाच्या कानाजोगा केलेला. आणि वरून ठक ठक. तिनं मान वर केली, आवाज वाढवला. त्यापुढचं तिला आठवत नव्हतं. मावशींनी दाराची बेल बऱ्याच वेळा वाजवली म्हणे, मग आपल्याच किल्लीनं उघडून आत आल्या. त्यांनी हंबरडा फोडला तो मात्र हेडफोनमधूनही आला. बाबा उशीवरून बाजूला घसरलेले, ग्लास जमिनीवर. हृदयच बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. “मिनिटांचा खेळ असतो. लगेच कळलं असतं तर... आता नाही सांगता येत.” डॉक्टरांनाही काहीतरी बोलायलाच हवं होतं. ग्लास कसा पडला, हे कुणी विचारलं नाही. हातातून सुटला असेल, दुसरं काय.

लिफ्टमधल्या त्या बोलण्यामुळे कारखान्यात पोचायला तिला उशीर झाला, पण कुणी काही म्हणालं नाही. घरात मृत्यू झाला की माणसाला थोडे दिवस उशीर माफ असतो. त्या दिवशी वायूचं काम होतं. जाड नळकांडी, मध्यातून वीज जाते आणि भोवती हवेऐवजी एक जड वायू दाबून भरलेला असतो, तोच विजेला अडवून धरतो. तेल आवाजाला वाट देतं, हा वायू त्याला दमवतो. हवेतल्यापेक्षा निम्म्याहूनही कमी वेगानं आवाज यातून रखडत जातो आणि त्यातला बारीक, धारदार भाग वायू वाटेतच गिळून टाकतो. दूरवर बसून काहीही कळत नाही, अगदी जवळ जाऊन नळकांड्यालाच कान लावावा लागतो. आत धातूचा एखादा कण राहिला असेल तर तो वीज चालू केली की टुणटुण उड्या मारतो आणि तेवढंच ऐकायचं असतं. मॅनेजर मागं हात बांधून उभे होते. त्यांना ते नळकांडं त्याच आठवड्यात पाठवायचं होतं. “बाहेरचाच आवाज दिसतोय ना मॅडम? कंप्रेसर चालू आहे शेजारी.” ती म्हणाली, “आत आहे.” “नक्की?” “आत आहे, साहेब. या जोडापाशी.” मॅनेजरांनी सुस्कारा टाकला. “तुम्ही म्हणताय म्हणजे आलंच. उघडा रे.” उघडलं आणि तांदळाच्या कणीएवढा धातूचा तुकडा निघाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्या कणाला बिचाऱ्याला कुणाला बोलवायचंसुद्धा नव्हतं.

याच शेडमध्ये बाबा एकदा आले होते. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना कारखाना दाखवायचा दिवस होता. तिच्या एका सहकाऱ्यानं गंमत म्हणून त्या वायूचा एक फुगा भरला आणि छातीत घेऊन बोलला, तर राक्षसाचा आवाज. बायकामुलं खिदळायला लागली. तेव्हा बाबा पुढं झाले, फुगा मागून घेतला, श्वास भरला आणि छाती काढून म्हणाले, “सावधान!” तो आवाज जमिनीखालून आल्यासारखा आला. क्षणभर सगळी शेड चिडीचूप, आणि मग ते स्वतःच हसत सुटले, तिच्या खांद्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “असं का होतं ग?” त्यांनी विचारलं. जन्मात एकदा विचारलं. ती सांगायला लागली, की आवाज तुमचाच असतो बाबा, पण तोंडातून, घशातून जाताना या जड वायूत तो संथ होतो, आणि म्हणून... तोवर ते चहाच्या टेबलाकडे निघाले होते. तिनं पुढचं वाक्य त्यांच्या पाठीला सांगितलं.

धाकट्याला तिनं फोन केला तेव्हा तो गाडी चालवत होता. “ताई, आता कशाला उकरतेस हे? त्या बाईंना काय, ऐकू आलं असेल काहीतरी.” “तू रविवारी ये. तासाभराचं काम आहे.” “कसलं काम?” “त्यांच्या खोलीतून ठोकायचं. मी माझ्या खोलीत ऐकेन.” पलीकडे हॉर्न वाजला. “तुझं डोकं ठिकाणावर आहे ना ग?” तो म्हणाला, आणि रविवारी सकाळी आला. सवयीनं सफरचंदंही घेऊन आला, मग ती कुठं ठेवावीत ते त्याला कळेना. काय हवं होतं तिला? तिला स्वतःशी अगदी सरळ ठाऊक होतं. आवाज वरूनच येतो हे एकदा सिद्ध व्हायला हवं होतं. ते झालं की त्या दुपारचं सगळं नुसती चूक ठरलं असतं, आणि चूक माणसाला माफ असते.

बाबांच्या खोलीत पलंगावर नुसती गादी होती. धाकटा गादीच्या कडेला टेकला, मग तिनं सांगितलं म्हणून आडवा झाला. तिनं स्वयंपाकघरातून ग्लास आणून दिला. त्यानं कठड्यावर ठोकलं. ठप्प. “हे काय गुंडाळलंयस?” “त्यांच्या हाताला लागत होतं.” त्यानं त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं, चिकटपट्टीच्या सरळ कडेवरून, आणि त्याचे डोळे भरून आले. “केवढं केलंस ग ताई तू त्यांचं. मला नसतं जमलं.” ती खिडकीकडे बघत राहिली. हसावं की किंचाळावं, तिला समजेना. मग तो नाक पुसत म्हणाला, “पण मग ठोकलं कशावर त्यांनी? यावर तर काहीच वाजत नाही.” त्याला नाही दिसलं. तिला दारातूनच दिसलं होतं. उशाच्या कोपऱ्यातून वर जाणारा पाण्याचा लोखंडी पाइप, पिवळट रंगाचा, आणि आडव्या माणसाचा उजवा हात पोचेल तिथं रंगाचे टवके उडालेले, खालचं काळं लोखंड उघडं. एक-दोन नव्हेत, तळहाताएवढा भागच सोललेला. गप्प राहता आलं असतं. पण पंचवीस वर्षांची सवय गप्प बसू देईना. “पाइपवर बघ,” ती म्हणाली. धाकट्यानं मान वळवली, टवके पाहिले आणि हळूच म्हणाला, “अरे देवा.” “मी आत जाते. दार लावून घेते. त्या दिवशी होतं तसंच सगळं. मला ऐकू आलं की मी ‘आलं’ म्हणून ओरडेन, मग थांब. तोवर ठोकत राहा.” “किती वेळ?” “सांगितलं ना, मी ओरडेपर्यंत.”

ती टेबलाशी बसली. हेडफोन चढवले, तेच रेकॉर्डिंग लावलं. तेलातला तो बारीक चावा कानात कुरतडायला लागला. आणि ठक ठक. छतातून. इतकं वरून की मान आपसूक वर गेली. रबरानं एक वाट बंद केली होती, आवाजानं लोखंडाची धरली, पाइपातून वर चढून सिमेंटच्या थरात शिरला आणि छतातून तिच्या डोक्यावर उतरला. चोरवाटेचा, भलतीकडून आलेला, नवखा माणूस फसावा तसा. सुटले, असं तिला वाटलं. कुणीही फसलं असतं. तिचं ओरडायचं राहून गेलं. धाकटा ठोकत होता. आधी एकसारखं, शाळेतल्या मुलानं घड्याळ बघून ठोकावं तसं. मग हात दुखला असावा. ठोके विस्कटले. एक, बराच वेळ काही नाही, दोन घाईचे, पुन्हा एक. आहे का कुणी? अगदी तसंच. तिचे दात आवळले गेले. बस की आता. काय कटकट आहे! ‘आलं’ एवढंच म्हणायचं होतं, तोंड उघडायचं होतं. तिचा हात पुढं गेला आणि त्यानं आवाज वाढवला. तरी येतच राहिलं. मग येईनासं झालं.

तिचे खांदे खाली आले. मानेतली शीर सैल पडली, लांब श्वास सुटला, आणि त्या श्वासाबरोबर ती दुपार, जी आठवणीत इथवर कधीच आली नव्हती, पुढं सरकली. त्या दुपारीही ते असंच थांबलं होतं. त्या दुपारीही खांदे असेच उतरले होते. तिनं हेडफोन एका कानावरून सरकवून खात्री करून घेतली होती, की खरंच थांबलं. आणि छताकडे नव्हे, बंद दाराकडे बघत, दाराच्या पलीकडे पॅसेज, पॅसेजच्या पलीकडे ती खोली, तिकडे बघत ती मोठ्यानं म्हणाली होती, “दमलात ना बाबा? झोपा आता.” आणि मग तिचं काम फार छान झालं होतं. कितीतरी दिवसांत झालं नव्हतं इतकं छान.

दार उघडून धाकटा आत आला, हातात ग्लास, कपाळाला घाम. “काय ग, आवाजच दिला नाहीस! हात गळून गेला माझा. आलं का ऐकू?” तिनं हेडफोन काढून टेबलावर नीट ठेवले. “आलं,” ती म्हणाली. “वरून आल्यासारखं वाटतं.” “बघ!” त्याचा चेहरा उजळला. त्यानं येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला, धाकटा असून. “मग तुझा काय दोष? तुला कसं कळणार होतं, सांग. आता हे डोक्यातून काढून टाक, शपथ आहे तुला माझी.” “काढते,” ती म्हणाली. तो चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेला आणि तिथून त्यानं साखर कुठं आहे ते दोनदा ओरडून विचारलं.